जमादारांच्या ओटीवरचा शेवटचा भाग

माझी पेटी उघडून बघितल्याशिवाय जमादारांनी मला खोली दाखवली नाही.

मी सांगलीकडचा. बांद्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती, आणि इन्सुलीत हायवेच्या कडेला एका घरात पडवीची खोली भाड्याने मिळेल असं कोणीतरी सांगितलं होतं. घरापुढच्या अंगणात, खळ्यात, उभा राहून हाक मारली, तर आतून एक उंच, वाळलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस बाहेर आला. अंगात गंजिफ्रॉक, खाली खाकी हाफ पँट आणि तिच्यावर लख्ख घासलेल्या बकलाचा पट्टा. मी नाव सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "आपण कुठून आलात? सोबत काय आहे?"

सोबत एक पेटी आणि वळकटी होती. त्यांनी वळकटी सोडायला लावली. पेटीतले कपडे एकेक करून चटईवर ठेवले, तळाला बोटाने टकटक करून कान लावला, खोबरेल तेलाची बाटली उघडून हुंगली. मग सगळं होतं तसं परत घडी घालून ठेवलं आणि एकदम निराळ्या, मऊ आवाजात म्हणाले, "बरां आसा. आत येवा मास्तरानू."

त्यांच्या दोन भाषा होत्या. चौकशी करायची ती कचेरीतल्या मराठीत, ‘आपण’ आणि ‘आहे’ लावून. चौकशी संपली की मालवणी. ते कुठल्या भाषेत बोलताहेत यावरून आपण संशयित आहोत की नाही ते कळायचं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गावातही ते कोणी घेत नव्हतं. गोव्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. पलीकडून चोरून येणारी दारू पकडायची, हे काम. शिपायाचे जमादार झाले आणि जमादार म्हणूनच रिटायर झाले. पण रिटायर झालेत हे त्यांच्या हातापायांना कोणी कळवलंच नव्हतं. शेजाऱ्यांनी फणस पाठवला तर तो हातात झेलून वजनाचा अंदाज घ्यायचे, मग बुडाला बोटं फिरवून कुठे कापून चिकटवलाय का ते बघायचे. दूधवाल्याच्या किटलीत चमचा घालून तळ चाचपायचे. चतुर्थीला डोक्यावर गणपती घेऊन निघालेल्या माणसांना त्यांनी एकदा हात करून थांबवलं. मूर्तीला वाकून नमस्कार केला, आणि वाकलेच होते म्हणून पाटाखालीही बघून घेतलं.

लोक रागावत नसत. हसत आणि पुढे जात. पण त्यांच्या ओटीवर येऊन कोणी बसत नसे. सगळा दिवस ते एका लाकडी खुर्चीत हायवेकडे तोंड करून बसलेले असायचे. ट्रक गेला की आत काय माल असेल ते पुटपुटायचे, "चिरो." "मासळी." "रिकामो." मी शाळेतून आलो की तेवढीच त्यांची बोलाचाल. जेवण स्वतः करायचे, एकटेच जेवायचे, आणि भांडी घासताना बारीक आवाजात स्वतःशी काहीतरी बोलायचे. मी पडवीतून ऐकण्याचा प्रयत्न केला, पण कधी शब्द लागला नाही.

मी राहायला आल्यावर थोड्याच महिन्यांत, नोकरी संपताना हातात आलेल्या रकमेतून, त्यांनी टीव्ही घेतला. माडाच्या उंचीचा बांबू रोवून त्यावर अँटेना चढवली, आणि पणजी केंद्राचं चित्र त्यांच्याकडे असं स्वच्छ यायचं की वाडीत दुसऱ्या कोणाकडे येत नसे. मग मात्र लोक यायला लागले. ज्या ओटीवर वर्षानुवर्षं कोणी पाय ठेवला नव्हता तिच्यावर संध्याकाळी चाळीसएक माणसं दाटीवाटीने बसायची, उरलेली खळ्यात. जमादारांनी त्याचेही नियम केले. चपला पायरीशी एका रांगेत. बायका डावीकडे. खाण्याचं काही आणलं असेल तर आधी दाखवायचं. बातम्या संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. लोक नियम पाळायचे, कारण टीव्ही दुसरीकडे नव्हता. जमादार दारात उभे राहून माणसं आत घ्यायचे तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. अख्खा नाकाच घरी आल्यासारखा.

त्याच वर्षी घोड्यांची एक मालिका सुरू झाली. इंग्रजी होती. मोठ्या कडांच्या टोप्या, पिस्तुलं, उजाड डोंगर आणि सतत दौडणारे घोडे. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी लागायची. पहिल्या भागाला कोणाला काही कळलं नाही, पण घोडे सगळ्यांना आवडले. दुसऱ्या भागाला जमादारांनी मला खोलीतून बोलावून टीव्हीच्या शेजारी स्टूल दिलं आणि वर्दीच्या भाषेत सांगितलं, "आपण इंग्रजीचे शिक्षक आहात. आपण अर्थ सांगत जावे."

तेव्हापासून मी दुभाषा झालो. सगळं मलाही कळत नसे, ते लोक दातात काडी धरून बोलायचे. पण गोष्ट सोपी होती. एका सीमेवरच्या गावात एक फौजदार. त्याच्या बापाने एक अनाथ पोर घरी आणून वाढवलेलं. दोघं भावांसारखे मोठे झाले. एक फौजदार झाला, दुसरा पांढऱ्या घोड्यावर बसून गाड्या लुटायला लागला. आता हा त्याच्या मागावर. लोकांनी नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न केलाच नाही. एक ‘फौजदार’ आणि दुसरा ‘पांढऱ्या घोड्यावालो’. सगळी ओटी पांढऱ्या घोड्यावाल्याच्या बाजूची. तो निसटला की खळ्यातून शिट्ट्या यायच्या. एकटे जमादार फौजदाराच्या बाजूने. तो पाण्याच्या पखाली तपासायला लागला की जमादार पुढे सरकून बसायचे आणि म्हणायचे, "आता खोगीर बघ रे, खोगीर."

हायवेवर शेवंतीकाकीचं चहाचं हॉटेल होतं. शाळेला जाताना मी तिथे चहा घ्यायचो. तीही मालिका बघायला यायची, बायकांत सगळ्यांत पुढे बसायची. एक दिवस मी तिला सहज विचारलं, जमादारांच्या घरची माणसं कुठे असतात? तिने कप विसळता विसळता सगळं सांगितलं.

जमादारांना एक मुलगा. शिकला नाही, एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. विशीत असेल तेव्हा. एके दिवशी दुपारी तो ट्रक काजूची पोती भरून नाक्यावर आला आणि ड्यूटीवर नेमके जमादार. पोत्यांखाली बाटल्या निघाल्या. ड्रायव्हर झाडीत पळाला. मुलगा केबिनमधून उतरला आणि बापासमोर उभा राहिला. नाक्यावरची दुसरी माणसं लांब जाऊन विडी ओढायला लागली, म्हणजे काय करायचं ते यांनी एकट्याने ठरवावं. जमादारांनी पोराला त्याच त्या भाषेत विचारलं, "आपलं पूर्ण नाव काय?" पोराने सांगितलं. मधलं नाव बापाचं. जमादारांनी ते लिहून घेतलं.

मुलाला सहा महिन्यांची सजा झाली. तो सुटण्याच्या आधीच जमादारांची बायको माहेरी गेली, पलीकडे पेडण्याला. मुलगा सुटला तो सरळ आईकडे. दोघं परत आले नाहीत. हे घर आणि ते घर यांत एसटीने तासाभराचं अंतर, मध्ये तोच नाका. त्यानंतर इतकी वर्षं जमादारांनी तिथे रोज ड्यूटी केली आणि एकदाही पलीकडे गेले नाहीत.

"झिलाक धरून दिल्यान, म्हणान ती गेली," शेवंतीकाकी म्हणाली. "खंयची आवस रवतली?" झील म्हणजे मुलगा आणि आवस म्हणजे आई, एवढी मालवणी मला तोवर कळायला लागली होती.

त्यानंतर मी जमादारांकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो, हे खरं. पण त्यांना ते जाणवलं नसावं. ते मालिकेत बुडालेले होते.

शेवटचा भाग असल्याचं आदल्या आठवड्यात टीव्हीवर सांगितलं होतं. त्या दिवशी बांद्याच्या बाजारातून माणसं लवकर परतली. ओटी भरली, खळं भरलं, कुंपणाच्या गडग्यावरही माणसं. बापू मेस्त्री म्हणून एक सुतार होता, तो आपलं स्टूल घेऊन आला. जमादारांनी खाकी शर्ट घातला होता, त्याला इस्त्री होती.

शेवट असा होता. पांढऱ्या घोड्यावाल्याला गोळी लागलेली. तो कसाबसा नदीपर्यंत येतो. नदीच्या पलीकडे दुसरा मुलूख, तिथे फौजदाराचा हुकूम चालत नाही. घोडा पाण्यात पाय घालायला तयार नाही. मागून फौजदार येतो, एकटाच. पिस्तूल रोखतो. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत राहतात. मग फौजदार पिस्तूल खाली करतो, घोड्याजवळ जातो, त्याच्या मानेवर थोपटतो आणि त्याला पाण्यात घालतो. घोडा पलीकडे जाईपर्यंत तिथेच उभा राहतो. त्याची माणसं मागून दौडत येतात आणि विचारतात. तो एक वाक्य बोलतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "तो म्हणतो, मला इथे कोणी दिसला नाही."

"परत सांगा," जमादार म्हणाले.

"मला इथे कोणी दिसला नाही."

ओटीवर टाळ्या पडल्या. खळ्यात कोणीतरी शिट्टी मारली. बापू मेस्त्री डोळे पुसत होता आणि पुसतोय हे लपवतही नव्हता. शेवंतीकाकी म्हणाली, "बरां केल्यान. माणूस निघालो शेवटाक." एसटीतला एक कंडक्टर म्हणाला की आता फौजदाराची नोकरी जाणार, पुढच्या मालिकेत तोही पलीकडे जाईल आणि दोघं एकत्र राहतील. त्यावर दोघातिघांनी वाद घातला. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं की आपण कोणाच्या ओटीवर बसलोय. बोलणं गळत गेलं आणि थांबलं.

जमादार उठले. बातम्या लागायच्या होत्या, तरी त्यांनी टीव्हीचं बटण फिरवलं. पांढरा ठिपका बारीक होत गेला. ते म्हणाले, "आजचा कार्यक्रम संपला आहे. आपण सर्वांनी आता घरी जावे."

त्या आठवड्यात आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. न्हाव्याच्या दुकानात, शेवंतीकाकीच्या हॉटेलात, एसटीच्या थांब्यावर तोच फौजदार. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले की सरकारी टीव्हीवर असं दाखवणं बरोबर नाही, मुलं काय शिकणार. पण मग त्यांनीच हळूच सांगितलं की सौभाग्यवतींनी त्या रात्री देवाला साखर ठेवली. बापू मेस्त्रीने कामावर एका दाराला घोड्याचं तोंड कोरलं.

आणि जमादार चौकशीला निघाले.

खुर्ची सोडून ते घरोघर जायला लागले. त्या दिवशी ओटीवर जो जो हजर होता त्याच्याकडे. दारात उभे राहायचे, आत बोलावलं तरी जायचे नाहीत. "आपण तो भाग पाहिलात. त्याने सोडले. ते योग्य केले काय?" माणसं गोंधळायची. जमादारांच्या घरची हकीकत सगळ्यांना माहीत होती, खोटं बोलावं असं सगळ्यांना वाटत असणार. पण एकाही माणसाला खोटं बोलता आलं नाही. कोणी मान खाली घालून, कोणी चाचरत, सगळ्यांनी तेच सांगितलं. बरोबर केलं. बापू मेस्त्रीने तर त्यांचा हात धरून सांगितलं, "जमादारानू, मी आसलंय तर मी पण सोडलंय आसतो." यावर जमादारांनी मान हलवली, आभारी आहे म्हणाले, आणि पुढच्या घरी गेले.

सगळी घरं संपल्यावर ते माझ्या खोलीत आले. कधी येत नसत. खाटेच्या कडेला बसले. मग विचारलं, आणि या वेळी मालवणीत, "मास्तरानू, ती इंग्लिश भाषा. तेचो दुसरो काय अर्थ होवचो नाय मां?"

मला आधी कळलं नाही. ते त्या एका वाक्याबद्दल विचारत होते. मी चुकीचा अर्थ सांगितला असेल, फौजदार काही वेगळंच बोलला असेल, एवढी एक जागा त्यांना शिल्लक होती.

मी म्हणालो, "नाही जमादार. सोपं वाक्य होतं."

त्यांनी गुडघ्यांवर हात घासले. "होय," म्हणाले. "सोपाच होता." आणि उठून गेले.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला विचारलं की उद्या मला काही काम आहे का. नव्हतं. पेडण्याला जायचंय, म्हणाले, सोबत येवा. का, ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यांना मी तिथे कशाला हवा होतो हे नंतर माझ्या लक्षात आलं. बाहेरचं माणूस सोबत असलं की घरातली माणसं दार लावून घेत नाहीत.

बांद्याहून बस पकडली. नाक्यावर गाडी थांबली आणि एक तरुण शिपाई तपासायला चढला. जमादारांना बघून त्याने सलाम ठोकला आणि पुढे गेला. जमादारांनी त्याला परत बोलावलं आणि मांडीवरची पिशवी उघडून दाखवली. पिशवीत एक धुतलेला पंचा आणि केळ्यांचा घड, बाकी काही नव्हतं. त्याने बघितल्यावरच त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं.

घर शोधावं लागलं नाही. पेडण्याच्या बाजारापासून जरा आत, पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात एक अर्धवट पिकल्या केसांचा माणूस चाक फिरवून आरे तपासत होता. त्याने वर बघितलं. बापाची उंची, बापाचाच पुढे झुकलेला खांदा. चाक फिरतच राहिलं. मग त्याने ते हाताने थांबवलं, चिंधीला हात पुसले आणि आत तोंड करून म्हणाला, "आवशी, बाबा इलेत."

म्हातारी बाहेर आली. बारीक, काळी, कपाळावर मोठं कुंकू. ते कुंकू बघून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसा. चाय करतंय."

भांडण झालं नाही. मला वाटलं होतं होईल, आणि जमादार तर त्याचीच तयारी करून आले असावेत. ताठ बसले होते, तळवे गुडघ्यांवर. चहा आला. मुलाने मला शाळेबद्दल विचारलं. म्हातारीने घरच्या विहिरीला पाणी कसं आहे ते विचारलं. जमादारांनी सांगितलं की आहे. कोपऱ्यात एक लहान टीव्ही होता, त्यावर रुमाल घातलेला. जमादार त्याच्याकडे बघत राहिले आणि अचानक त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्यांनी तो शेवटचा भाग सांगितला. चौकशीच्या मराठीत, पंचनामा वाचावा तसा. सदर इसम जखमी होता. सदर इसम नदीच्या काठी आला. अंमलदार एकटा होता, साक्षीदार नव्हता. अंमलदाराने पिस्तूल खाली केले. इथपर्यंत आले आणि त्यांची भाषा सुटली. "आणि घोड्याक पाण्यात घातल्यान," ते म्हणाले, "आणि म्हणता, माका कोण दिसाक नाय."

जमादारांना दुसरं काही सांगता येत नव्हतं. जे सांगायला आले होते ते त्यांनी एवढंच आणि असंच सांगितलं.

मुलगा म्हणाला, "मी बघलंय तो भाग."

जमादारांनी वर बघितलं.

"माका तो शेवट आवडाक नाय," मुलगा म्हणाला. तो आपल्या बोटांवरचं काळं ग्रीस चिंधीने पुसत होता, बापाकडे न बघता. "पलीकडे जावन तो काय करतलो? तोच धंदो. माझ्यावांगडा ह्या धंद्यात जे होते, ते सुटले. तेतलो एक मेलो. दुसरो आजून तांच करता. तेका धरूक होयो होतो, बाबा."

गावातल्या घराघरांत फिरून जे एक उत्तर जमादारांना मिळालं नव्हतं ते इथे मिळालं, आणि देणाऱ्याचा तो हक्क होता. त्यांचे खांदे उतरले. चेहरा सैल झाला, डोळे भरून आले. क्षणभर मला वाटलं, झालं, मिटलं.

म्हातारी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तुमका काय वाटता, तेका धरलास म्हणान मी गेलंय?"

जमादार तिच्याकडे बघत राहिले. त्यांना तसंच वाटत होतं. गावाला तसंच वाटत होतं, मलाही.

"धरूक होयोच होतो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी तेका आधीच सांगत होतंय. तेच्यार माझा काय म्हणणा नाय. तुमी त्या सांजेक घराक इलास. हातपाय धुतलास. पानार बसलास. मी चुलीकडे रडत होतंय, आणि तुमी म्हटलास, कुळथाची पिठी बरी झाली हा, आणखी वायच वाढ." ती थांबली. "सा म्हयने तो थंय होतो. एक दीस तरी तेका बघूक गेलास?"

मुलाने चिंधी खाली ठेवली. बाहेर बाजारातून कोणाची तरी सायकलची घंटी वाजत होती, गिऱ्हाईक आलं होतं, पण तो उठला नाही.

मला वाटतं, जमादारांना ती सांज आठवतच नव्हती. नाव लिहून घेतल्याचं त्यांना अक्षर न् अक्षर आठवत असणार. जेवण आठवत नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांनी एका प्रश्नाचं उत्तर मनाशी तयार ठेवलं होतं आणि तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.

म्हातारीने पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, "पानां घेतलंय. जेवक चला."

आम्ही तिघे बसलो, ती वाढत होती. सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी, भात, सोलकढी. जमादार मान खाली घालून जेवले. पानातलं शीतही ठेवलं नाही. तिने भात पुढे केला तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला, मग काढून घेतला, आणि तिने वाढला. आयुष्यात मी पुष्कळ पंगतींना जेवलोय, पण एखाद्या माणसाला जेवणं इतकं जड जाताना मी पाहिलेलं नाही.

निघताना ती पायरीपर्यंत आली. परत या, असं म्हणाली नाही. मुलगा स्टँडपर्यंत सोडायला आला. बसला वेळ होता. बापलेक शेजारी शेजारी उभे राहिले, दोघांचेही हात पाठीमागे बांधलेले, दोघेही रस्त्याकडे बघत. बस लांबून दिसायला लागली तेव्हा जमादारांनी विचारलं, "थंय, तुरुंगात, जेवक काय देत?"

मुलाने जरा आठवलं. "भाकरी. आणि डाळ."

"डाळ बरी आसायची?"

"पातळ," मुलगा म्हणाला. "पाणीच."

जमादारांनी मान हलवली. बस आली.

घरी आल्यावर त्यांनी चूल पेटवली नाही.

पुढचा रविवार आला तेव्हा सकाळीच ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, या वेळी एकटे. त्याच्या पुढच्या रविवारीही. संध्याकाळी माणसं टीव्ही बघायला यायची ती कुलूप बघून परत जायची. त्या मालिकेचे पुढचे भाग येणार असं कंडक्टर पुष्कळ दिवस सांगत राहिला, पण आले नाहीत. तिच्या वेळेला शेतीबद्दलचा काहीतरी कार्यक्रम लागायला लागला. तोवर वाडीत आणखी दोघांनी टीव्ही घेतले होते. जमादारांची ओटी पुन्हा रिकामी झाली, आणि त्यांना ते कळलं की नाही मला शंका आहे.

मी आणखी दीड-दोन वर्षं तिथे राहिलो. मग बदली घेऊन गावाकडे गेलो. जायच्या आधीच्या एका रविवारी ते पेडण्याहून परत आले तेव्हा मी खळ्यात उभा होतो. फार दिवस मनात होतं ते विचारलं. वहिनी कधी परत येतील का इकडे?

ते पायरीवर बसून चपला काढत होते. "ती येवची नाय," म्हणाले. सांगताना आवाजात काही बदल झाला नाही. दुसरी चप्पल काढली, दोन्ही नीट जोडून ठेवल्या. मग जरा थांबून, जपून सांगावं तसं म्हणाले, "पण आता माझ्याशी भांडता."

आणि उठून आत गेले, एकट्यापुरता भात लावायला.